चिमट्यांचं टेबल

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला मी एक संकल्प केला आणि तो पाळला. तिथेच सगळं चुकलं. चारचौघांसारखा आठवड्यात मोडला असता तर बरं झालं असतं, पण मी पडलो हट्टी.

शहापूरजवळ हायवेपासून थोडं आत आमचा लहानसा कारखाना आहे. कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे आम्ही बनवतो. दहा वर्षं मी तिथे मशीनवर, मग गोदामात, मग गाड्या भरण्यावर काढली होती. डिसेंबरात मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं, की एक तारखेपासून पॅकिंगचा सुपरवायझर तू. मी शेणव्याचा, भातशेतीच्या घरातला. हाताखाली कुणी असण्याचा अनुभव म्हणाल तर घरचे दोन बैल, आणि तेही माझं ऐकायचे नाहीत.

म्हणून मला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला धाडलं, तेव्हा मी नवी डायरी आणि दोन पेनं घेऊन गेलो. शिकवणारा मुंबईहून आला होता, कॉलरला माइक लावून हिंडत हिंडत बोलत होता. प्रत्येकाचं काम वेगळं दिसलं पाहिजे, चांगलं करणाऱ्याचं सगळ्यांसमोर कौतुक झालं पाहिजे, मागे पडणाऱ्याला आपण मागे आहोत हे कळलं पाहिजे. मी सगळं उतरवून घेतलं. शेवटी त्याने प्रत्येकाला नवीन वर्षाचा एक संकल्प लिहायला लावला. मी लिहिलं, ‘मी माझ्या माणसांचा खरा लीडर होईन.’ आज ते वाक्य आठवलं की माझे कान तापतात.

पॅकिंगला तीन टेबलं होती. त्यातलं खिडकीकडचं टेबल सर्वांत जास्त माल काढायचं. तिथे सहा बायका बसत, सहाही डोळखांबच्या पलीकडच्या एकाच पाड्यावरच्या, एकाच जीपने येणाऱ्या. काम दिसायला सोपं. चिमटा दाबून उघडायचा, पुठ्ठ्याच्या कडेला लावायचा. असे बारा चिमटे लावले की पुठ्ठा तयार. पण चिमट्याची स्प्रिंग नवी असते, कडक असते. दिवसभर दाबून दाबून अंगठ्याचं मूळ असं दुखतं, की घरी गेल्यावर भाकरी थापवत नाही.

या सहाजणींत वयाने सर्वांत मोठी एक मावशी होती. पन्नाशी ओलांडलेली, बारीक अंगाची, कामात मान वर न करणारी. सर्वांत लहान होती तिला सगळ्या धाकटी म्हणत. धाकटीचा हात बघत राहावा असा. चिमटा उचलला कधी आणि लागला कधी, कळायचं नाही.

तयार पुठ्ठे टेबलाच्या मधोमध एका मोठ्या क्रेटमध्ये पडायचे. संध्याकाळी क्रेटा मोजायच्या, टेबलाचा आकडा लिहायचा, संपलं. ही पद्धत मला अडाणी वाटली. एक तारखेला मी प्रत्येकीला स्वतंत्र क्रेट दिली आणि भिंतीवर पांढरा फळा लावला. त्यावर नावं आणि नावांपुढे रेघा. दहा पुठ्ठ्यांची एक रेघ. वाचता न येणारीलाही आपली रेघ कळावी म्हणून नावाशेजारी चित्रं काढली. कुणाला मासा, कुणाला फूल, कुणाला सूर्य. ती कल्पना माझ्या स्वतःच्या डोक्यातली, आणि तिचा मला फार अभिमान वाटला होता.

पहिल्या संध्याकाळी धाकटीच्या माशापुढे रेघाच रेघा झाल्या. मी तिला उभं केलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या वाजल्या, पण शाळेत पाहुणे आले की वाजतात तशा. धाकटी जमिनीकडे बघत होती. जाताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “दादा, उद्या माझ्या थोड्या रेगा पुसून टाका ना.”

“का गो? चांगलं काम केलंस तर लाजायचं काय?”

“तसा नाय,” म्हणाली आणि जीप लागली म्हणून पळाली. मला रागच आला. माणसांना कौतुकसुद्धा सोसत नाही, असं मी त्या दिवशी डायरीत लिहिलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी होतो की मालक, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

मावशीचं चित्र फुलाचं होतं. आठवडाभराने जेवणाच्या सुट्टीत ती फळ्यासमोर उभी राहिली आणि मला विचारलं, “यातली माझी कुठली रे दादा?”

मी मोठ्या उत्साहाने फुलावर बोट ठेवून दाखवलं. तिने वर बघितलं, खाली बघितलं. माशाच्या रेघा फळ्याच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या होत्या. फुलाच्या तिथे अर्ध्यालाही पोचल्या नव्हत्या.

“येवढ्याच?”

“वाढतील हो मावशी! जोर लावायचा जरा.”

मी हे हसत हसत म्हटलं. धीर दिला असं मला वाटलं होतं. ती जाऊन टेबलाशी बसली. डबा तिने उघडलाच नाही, हे मला पुष्कळ नंतर दुसऱ्या एकीने सांगितलं.

त्याच दुपारी मॅनेजरसाहेबांनी फळा बघितला. माणूस वाईट नाही, पण त्यांना वरून विचारणारे आहेत. म्हणाले, “हे बरं केलंस. पुढच्या महिन्यात माल कमी लागणार आहे. प्रत्येक टेबलावरचं एक माणूस कमी करावं लागेल. कोण ते आता फळ्यावरच दिसतंय.” खिडकीकडच्या टेबलावर कोण, ते त्यांनी नाव घेऊन सांगितलं नाही. त्यांनी फुलाकडे बघितलं आणि मीही बघितलं. जाणार होती ती मावशी. तरीही खरं सांगायचं तर त्यातही थोडं बरं वाटत होतं, कारण माझा फळा साहेबांच्या उपयोगी पडला होता.

दुसऱ्या दिवशी मावशी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. साहेबांचं बोलणं तिच्या कानावर जायचा प्रश्नच नव्हता. टेबलावर विचारलं तर पाचही जणी एकसुरात म्हणाल्या, “ताप आलाय.” पाचजणींचं उत्तर शब्दाला शब्द सारखं आलं की काय समजायचं, ते मलाही कळतं.

त्या संध्याकाळी घरी आई ओटीवर वाल सोलत बसली होती. मी तिच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. इतकं नीट आखून दिलंय, तरी या बायकांची तोंडं वाकडी, आणि एक तर घरीच बसली. आईने सगळं ऐकून घेतलं, सालं बाजूला सारली आणि विचारलं, “टेबल येकच ना रे? मंग रेगा येगळ्या कशाला?”

“कोण किती करतं ते कळायला.”

“आवणीला सा बाया खाचरात उतरल्या, तर साही बांधाला बरोबर लागतात. त्या काय सारख्या हाताच्या असतात?”

ही आवणी, म्हणजे भाताची लावणी, जन्मल्यापासून मी दर पावसाळ्यात बघतो आहे. बायका ओळीने उभ्या राहतात, रोपांची मूठ हातात धरून लावत लावत मागे सरकतात. प्रत्येकीपुढे तिच्या वाट्याचा पट्टा असतो. जिचा हात चलाख ती शेजारणीच्या पट्ट्यातली दोन दोन रोपं आपल्याकडे ओढून लावते, न बोलता, न बघता. एकटीने पुढे जाऊन बांधावर उभं राहायचं नाही, हा तिथला कायदा. जी राहील तिला आमच्याकडे नावं ठेवतात. आणि मी नेमकं धाकटीला बांधावर एकटीला उभं करून टाळ्या वाजवल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो याहून मोठा कुठला असणार!

“बैलांना पण जोडीनं जुपतात रे, मोजत नाय कोणी,” आई म्हणाली आणि पुढचा वाल उचलला.

सकाळी लवकर जाऊन मी जुने कागद काढले. खिडकीकडच्या टेबलाचा एकूण आकडा डिसेंबरात जेवढा होता, तेवढा जानेवारीत एकही दिवस नव्हता. मी रेघा बघत होतो, बेरीज बघितलीच नव्हती. जीप आल्यावर धाकटीला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, की मावशीचं काम तुम्ही करत होता का.

“व्हय, आमचे पुठ्ठे तिच्या पुठ्ठ्यांत सरकवायचो आमी,” ती म्हणाली. “दोन वर्सां तिच्या अंगठ्याला सूज हाय. मधल्या क्रेटीत कोणाचा पुठ्ठा कुठला, कोणाला कळतंय? तुमी क्रेटी येगळ्या केल्या, मंग कसा सरकवू, आन जास्तीचा काढू कोणासाठी?”

मी फळा उतरवला. मासा, फूल, सूर्य सगळं फडक्याने पुसलं आणि तसाच साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सांगितलं, की या टेबलावरचं कुणीही काढलं तर नुसता सहावा भाग कमी होणार नाही, सगळंच खाली येईल; बेरजेचे कागद हे बघा. ते म्हणाले, “कालपर्यंत फळा फळा करत होतास!” मी म्हटलं, “चुकलो.” त्यांनी कागद दोनदा उलटसुलट करून पाहिले. शेवटी म्हणाले, “ठीक. टेबल तुझं. आकडा पडला तर टेबलावरच्या बाईला नाही, तुला विचारीन.” मी मान डोलावली. बाहेर आलो तेव्हा डिसेंबरापासून पहिल्यांदाच सुपरवायझर झाल्यासारखं वाटलं.

रविवारी मोटरसायकल काढून मावशीच्या पाड्यावर गेलो. डोळखांबच्या पुढे रस्ता जंगलात शिरतो, शेवटचा चढ गाडी ढकलत चढावा लागला. मावशी अंगणात होती. राबासाठी, म्हणजे भाताचं बी पेरायच्या आधी जमीन भाजायला लागतो तो, वाळलेला पाला गोळा करून भारे बांधत होती. गाठ मारताना दोर दातात धरत होती, उजव्या अंगठ्याने ओढवत नव्हतं म्हणून. मला बघून तिने हातातलं टाकलं, खाट टाकली, कोरा चहा दिला. ताप नव्हताच.

मी म्हटलं, “मावशी, फळा काढला. क्रेट पुन्हा मधे ठेवली. साहेबांशी बोललोय, तुमचं काम कुठे जात नाही. माझं चुकलं, उद्यापासून या.”

“तुजा काय चुकला? रेग खरीच होती ना?”

ती आपल्या अंगठ्याकडे बघत होती.

“मना ठावं नव्हता रे, पोरी सरकवायच्या ते,” ती म्हणाली. “मना वाटायचा, मी पन यांच्यासारकीच भरते. सांजच्याला क्रेटी भरलेल्या दिसायच्या, तवा वाटायचा, हात अजून चालतोय माझा. घरी येऊन सुनंला सांगायची मी, आज येवढा माल काढला म्हणून.”

मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं. बाकीच्या पाचजणी दोन वर्षं तिच्यासाठी काम सरकवत होत्या, आणि तिला कळू न देता सरकवत होत्या. खरं काम ते दुसरं होतं. मी एका फुलावर बोट ठेवून ते आठवड्यात मोडलं होतं. नोकरी मी परत देऊ शकत होतो. ही दुसरी गोष्ट माझ्या हातातली नव्हती. मी तिला तसं काही बोललो नाही. नुसतं, “मावशी, या,” एवढंच पुन्हा म्हटलं.

तिने अर्धवट बांधलेला भारा जवळ ओढला. मग म्हणाली, “येते. पन येक सांग त्या पोरींना. माझ्याकडं कायेक सरकवायचा नाय. होतील तेवढी माझी.”

“सांगतो,” मी म्हणालो.

“देवाशपथ?”

“देवाशपथ.”

सोमवारी जीपमधून उतरल्यावर मावशी आधी नळावर हात धुवायला गेली. तेवढ्यात मी टेबलाशी गेलो आणि पाचजणींना तिचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. शपथ घेतली होती, ती मोडली नाही. मग मान खाली घालून, हळू आवाजात, शपथेत नव्हतं तेही सांगितलं. सरकवा. पण आता ती लक्ष ठेवून असेल, तिच्या नजरेला पडू देऊ नका.

पाचजणी एकमेकींकडे बघू लागल्या. धाकटीने चिमट्यांची पिशवी फाडून टेबलावर ओतली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली.

“ते आमाला नका शिकवू, दादा. दोन वर्सां तुमच्या तरी नजरेला पडला का?”