सहा वाट्या आणि निळ्या रेघा

सोलापुरात जेलीफिश वाढवते म्हटलं की लोक हसायचे. हसा म्हणायचे मी. प्रयोगशाळेत माझ्या काचेच्या सहा वाट्या होत्या. रत्नागिरीहून दोन जातींच्या जेलीफिशची पिल्लं आणली होती. सोबत आणलेल्या, वाट्यांतल्या शिंपल्यांवर चिकटून त्यांचे पॉलिप झाले होते. टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे देठ, वर केसासारखे हात. या वयात दोन्ही जाती हुबेहूब सारख्या. कोण कुठली, हे फक्त वाटीवरच्या चिठ्ठीला ठाऊक.

एप्रिलात वीज गेली, एसी बंद पडला. सोलापूरकर माठाला जे करतो तेच मी केलं. चादर भिजवून वाट्यांना गुंडाळली. पॉलिप वाचले, पण चिठ्ठ्यांवरची शाई पार धुऊन निघाली. पीएचडीचं अख्खं वर्ष गेलं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "टाकून द्या, नव्यानं सुरू करा." मी तिथंच रडले.

दुसऱ्या दिवशी गावाकडून आबा आले. माझे वडील, जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. सूक्ष्मदर्शकावरून डोळाच काढेनात.

"सगळी सारखीच की गं."

"म्हणून तर रडतेय."

"कळपात कोकरू कुणाचं कळंना झालं, की आमी आईम्होरं सोडतो. ती हुंगून सांगती."

"आबा, ह्यांच्या आया मेल्यात!" मी खेकसले. आणि खेकसता खेकसताच आठवलं, पिल्लांसोबत आणलेले त्या आयांचे तुकडे, जातीचं नाव लिहून, फ्रीजरमध्ये अजून गोठलेले आहेत.

प्रत्येक जातीची एन्झाइमं, म्हणजे पेशींतली कामकरी प्रथिनं, थोडी वेगळी असतात. जेलच्या पातळ थरातून वीज सोडली की ती जातीप्रमाणे कमीजास्त अंतर सरकतात. उन्हाळ्यात ती टिकत नाहीत, म्हणून सात रस्ता चौकातल्या उसाच्या रसवाल्याकडून बर्फ आणला. प्रत्येक वाटीतले थोडे पॉलिप बर्फावर चिरडले. तेवढे जीव घ्यावेच लागले. तो रस जेलमध्ये भरला, शेजारी आयांचे नमुने लावले आणि वीज सोडली.

मग जेल रंगाच्या पाण्यात ठेवलं. कोऱ्या जागेत हळूहळू निळी रेघ उमटली. मग दुसरी, तिसरी. जे डोळ्यांना वर्षभर दिसलं नव्हतं, ते आता आपणहून वर येत होतं. तीन वाट्या एका आईच्या ओळीत बसल्या, दोन दुसरीच्या.

सहावीची रेघ कुणाच्याच ओळीत बसेना. पुन्हा केलं, तरी तेच. तिच्या शिंपल्यावर समुद्रातूनच तिसऱ्याच जातीचं कुणीतरी चिकटून आलं होतं, त्यानं माझ्या पिल्लांची जागा घेतली होती, आणि वर्षभर मी त्याला परक्या नावानं खाऊ घालत होते. चिठ्ठी शाबूत राहिली असती, तर तेच खोटं नाव मी प्रबंधात छापून मोकळी झाले असते.