ट्रॅक्टरवरचं प्रेमगीत

फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीत आखातातल्या आमच्या बांधकामाच्या साइटला सुट्टी अशी फक्त शुक्रवारीच. अशाच एका शुक्रवारी माझा बल्गेरियन सहकारी, साठीला आलेला सर्व्हेअर, बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटवर जेवायला आला. येताना पेन ड्राइव्हवर त्याच्या देशातला एक जुना विनोदी सिनेमा घेऊन आला. कम्युनिस्ट राजवटीत बँड काढणाऱ्या चार पोरांची ती गोष्ट, गाण्यांनी भरलेली. सबटायटल्स नव्हती. तो इंग्रजीत सांगायचा आणि मी ते नाशिकहून आलेल्या सासूबाईंना मराठीत सांगायचो.

पडद्यावर सरकारी समिती पोरांच्या गाण्यातले शब्द खोडत होती. तो म्हणाला, "आमच्या बँडचंही असंच झालं. मी एका मुलीवर गाणं लिहिलं होतं. समितीने मुलगी काढून ट्रॅक्टर घालायला लावला."

सासूबाईंना हसू आवरेना. "अहो, पण त्या मुलीचं पुढे काय झालं, विचारा ना!"

मी विचारलं.

"तिला ट्रॅक्टरचंच गाणं जास्त आवडलं," तो म्हणाला. "मग लग्न केलं आम्ही."

सासूबाईंनी सिनेमा थांबवायला लावला आणि त्याला ते गाणं म्हणायला लावलं. आम्हाला त्यातला ट्रॅक्टर एवढाच शब्द कळत होता. तो शब्द आला की आम्ही सगळे जोरात सूर मिळवायचो.

सिनेमाचा शेवट बघायचा राहूनच गेला.