आईचा अंगठा आणि युरियाची ट्यूब

दुकानात क्रीमची बाटली हातात आली की मी ती आधी उलटी करते. पुढच्या बाजूला बदाम असतात, कोरफडीचं पान असतं, दुधाची धार असते. त्यात काय वाचायचं? वाचायचं ते मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानदाराने मला असं वाचताना बघून विचारलं होतं, "उद्या परीक्षा आहे का?"

"माझी झाली. तुमच्या बाटलीची चाललीय."

त्याने बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि फळीवर ठेवली. मी दुसरी उचलली. तीही उलटी केली.

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीची पायरी ओलांडली नव्हती. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले तेव्हा चुलते म्हणाले, "म्हंजी आता नेमकं येतं काय तुला?" हा प्रश्न पुढे मला निरनिराळ्या तोंडांनी विचारला गेला. सासरच्या पेठेतल्या लोकांनी शुद्ध भाषेत विचारला, एवढाच फरक. त्यांना मी उत्तर देत बसले नाही. इथे देते.

माझे वडील सरकारी खात्यात शिपाई होते आणि उरलेल्या वेळात उसाचे शेतकरी. ते गेल्यावर आईला त्यांची पेन्शन लागली. ती चालू राहायची तर दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे सांगावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. आई जायची, सही करायची, चहा पिऊन परत यायची. एका वर्षी मात्र काउंटरवर काच बसवलेलं छोटं यंत्र आलं. सही नको म्हणाले, अंगठा ठेवा. मी सोबत होते. आईने उजवा अंगठा ठेवला. लाल दिवा. डावा ठेवला. लाल. मग काउंटरमागच्या साहेबांनी एकेक बोट ठेवायला लावलं. सगळ्यांना लाल.

"आजी, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत."

"असं कसं? जन्मल्यापास्नं हायेत की."

"यंत्राला दिसत नाहीत ना. सगळ्या भेगा आहेत. हात जरा बरे करून महिना संपायच्या आत या. नाहीतर दुसरा फॉर्म भरा. एखाद्या अधिकाऱ्याची सही-शिक्का आणा, की या त्याच बाई आहेत आणि हयात आहेत."

आई काउंटरवर दोन्ही हात टेकवून उभी राहिली. "मी हितं तुमच्यासमोर उभी हाय. आन् मी जिती हाय हे दुसऱ्यानं लिहून द्यायचं?"

"नियम आहे आजी."

"मग ऱ्हाऊ द्या. मी अंगठाच देनार."

घरी आल्यावर भाऊ वैतागला. फॉर्म भरला की काम होतंय, ओळखीचे एक साहेब आहेत, तासाभरात सही देतील, उगीच हट्ट कशाला? त्याचं चूक नव्हतं. पण आईच्या अंगठ्याची कहाणी त्याला माहीत नव्हती, मला होती.

मी आठवीत असताना आईला सही शिकवली होती. त्याआधी ती सगळीकडे अंगठा उठवायची आणि शाईचं बोट पदरात लपवून घरी यायची. तलाठ्याच्या कचेरीत कोणीतरी "अंगठेबहाद्दर" म्हणून हसलं होतं. पाटी घेऊन बसायची तिला लाज वाटायची, म्हणून ती भाकरीच्या पिठात, परातीत, बोटाने नाव काढायची. मी बघितलं की पुसून भाकरी थापायची. सही आली त्या दिवसापासून तिने कुठेच अंगठा दिला नाही. आता इतक्या वर्षांनी तेच लोक, त्याच सरकारच्या नावाने, अंगठा मागत होते, आणि अंगठा झिजून गेला होता.

"जवा नको म्हनत हुते तवा हुता," ती म्हणाली. "आता पायजे तर ह्यो रुसलाय."

मी म्हटलं, "रुसवा काढू. मी कशाला शिकलेय?"

ते हात मी नीट बघितले. उसाच्या पातीने कापलेले, पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, गोळा करून सोललेले, बोअरच्या जड पाण्यात आणि भांड्याच्या पावडरीत वर्षानुवर्षं बुडालेले. बोटांच्या टोकांना कातडं साबणाच्या जुन्या वडीसारखं तडकलेलं. पीठ मळताना भेगांना मीठ लागलं की ती दात आवळायची, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मी कामाला लागले. आमच्या पेठेतल्या सोसायटीत तेव्हा महिला मंडळाचा दिवाळीचा स्टॉल होता. वरच्या मजल्यावरच्या काकू घरी केलेलं क्रीम विकत होत्या. सुंदर काचेची बरणी, सुतळी बांधलेली. मी सवयीने उलटी केली. मागे लिहिलं होतं: शुद्ध वनस्पती आणि प्रेम.

"काकू, प्रेम किती टक्के आहे?"

"तुम्ही केमिस्ट्रीवाल्या ना, सगळ्यात खोट काढता. हे केमिकल-फ्री आहे."

"पाणी आहे का यात?"

"गुलाबपाणी आहे. घरचं."

"तेही केमिकलच. आणि पाणी आहे म्हणजे बुरशी येणार. ती येऊ नये म्हणून काय घातलंय?"

"काही नाही घातलं! तेच तर सांगतेय."

"मग महिन्याभरात तीही घरचीच येईल."

बाजूच्या बायका चिवड्याच्या पाकिटांकडे बघायला लागल्या. काकूंनी बरणी पुढे सरकवली नाही, पण आवाज चढवला. "बाजारातल्यात काय असतं माहितीय ना? पेट्रोलियम! गाडीत घालतात ते!"

"गाडीत घालतात ते पेट्रोल. मिठातसुद्धा क्लोरीन असतं, तरी तुम्ही चिवड्यात घातलंतच की. यात लिंबाचं तेल आणि कापूर आहे, वासावरून कळतंय. माझ्या आईचे हात भेगाळलेत. त्यात हे गेलं तर ती तुमच्या नावाने ओरडेल."

"मग तुमच्याकडे शेतात काय लावतात तेच लावा त्यांना," काकू म्हणाल्या.

ते लागायला हवं होतं. लागलं नाही. मी सरळ औषधाच्या दुकानात गेले आणि चार बाटल्या काउंटरवर ओळीने उलट्या मांडल्या.

मागची ती घटकांची यादी वाचायला पदवी लागते असं नाही. लागते ती थोडी हिंमत, कारण मागे माणसं खोळंबतात. जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहितात. बहुतेक बाटल्यांत पहिलं पाणी. त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या नावात माल असतो. शेवटच्या चार-पाच नावांत चिमटीभर असतं ते. एका बाटलीवर पुढे मूठभर बदाम होते. मागे बदामाचं तेल सुगंधाच्याही खाली. म्हणजे बदामापेक्षा अत्तर जास्त. ती बाटली सगळ्यांत महाग होती. साध्या पांढऱ्या बाटलीत पाण्यानंतर लगेच ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली होती, आणि वास कसलाच नव्हता.

मी जेलीची डबी घेऊन मांजरीला गेले. आईला हे सांगायचं कसं, याचा मला विचार करावा लागला नाही. उसाच्या घरातली आम्ही दोघी. म्हटलं, "क्रीमला तीन कामं करायची असतात. एक, पाणी धरून ठेवायचं, ते ग्लिसरीन करतं. दोन, तडे बुजवून कातडं मऊ करायचं, ते तेलं आणि लोणी करतात. तीन, आतली ओल उडू द्यायची नाही. लागवडीत आपण सरीत पाचट पसरतो ना, तसं. ते काम ही जेली करते."

"आन् काकूच्या बरनीत काय हुतं?"

"वास."

भेगा आधी मिटायला हव्या होत्या म्हणून झोपताना हातांना नुसती जेली आणि वर जुने सुती मोजे, एवढंच आधी सांगितलं. तेवढं तिने केलं. भेगांची तोंडं मिटली, पण वरचं जाड, पांढरं कातडं तसंच. त्याला सोलायला आणि ओल धरायला एक ट्यूब मी निवडून आणली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत युरिया लिहिलेलं होतं.

आईने मोजे घातलेल्या हातांत ट्यूब घेतली. युरिया हा शब्द तिला वाचता येत होता; पोत्यावर वर्षानुवर्षं बघितलेला.

"युरिया? पिकाला टाकतो त्यो?"

"नाव तेच. पण पोत्यातला नाही हं. हा शुद्ध, मोजून घातलेला. आपल्या कातड्यातही मुळात थोडा असतो."

"अगं पन मी काय ऊस हाय का?" आणि ती इतकी हसली की मोजे काढून डोळे पुसावे लागले.

मी पुण्याला परतले. फोनवर विचारायचे, "दिवसा ट्यूब लावतेस ना?" "लावते की." "रोज?" "रोज." आणि बोटं होती तशीच. भाऊ म्हणाला, "फॉर्म आणू का?" अर्धा महिना उलटला होता. मी यादी पुन्हा वाचली. यादीत काही चूक नव्हती. मग माझं शिक्षण चुकलं?

रविवारी न सांगता गेले. आई न्हाणीघराच्या दाराशी पाटावर बसून हातांना ट्यूब चोळत होती. मनापासून, कोपरापर्यंत. मला बरं वाटलं. मग ती उठली, आत गेली, आणि दोन बादल्या गरम पाण्याने आंघोळ करून, कपड्याच्या साबणाने ते सगळं धुऊन बाहेर आली.

"आई! हे काय?"

"काय म्हंजी? अंगाला लावायचं त्ये न्हायच्या आदी. दिवाळीला तेल कवा लावतीस? न्हाल्यावर?"

मी उंबऱ्यावर बसले. खरंच, आमच्यात आंघोळ झाल्यावर कोणी तेलाला हात लावत नाही. ते अशुभ असतं. का, ते कोणी विचारलेलं नाही. दिवाळीचं तेल असो की बारा महिन्यांचं, आधी लावायचं, मग उटण्याने उतरवायचं. आईने माझी ट्यूब इमानाने तेलाच्या रांगेत बसवली होती.

"आई, वावरात युरिया टाकला आणि लगेच पाटाचं पाणी मोकाट सोडलं, तर?"

"वाहून जाईल की. शेजाऱ्याच्या उसाला."

"मग टाकायचा कधी?"

"वाफशावर. चिखल नको, कोरडं बी नको." ती बोलता बोलता थांबली. स्वतःच्या ओल्या हातांकडे बघितलं. "आत्ता?"

"आत्ता. पाणी नुसतं टिपायचं. खसाखसा पुसायचं नाही."

तिने ट्यूब उचलली, पण लावेना. देवघराकडे बघत होती. त्याच वेळी माझी मोठी चुलती मागच्या दाराने आली. तिने बघितलं आणि कपाळाला हात लावला. "न्हाल्यावर त्याल? अगं बाई, कुनाचं काय झालं?"

आईने ट्यूब पिळली. "माजंच झालंय. बँकेनं मला मारलीय. मला उठवायला ह्ये लावतीय."

चुलती बघत राहिली आणि आई तिच्यासमोर एकेक बोट चोळत राहिली, घाई न करता. तिच्या पिढीतली बाई जावेसमोर रीत मोडते, तेव्हा ती हळू मोडते. दिसली पाहिजे म्हणून. त्यानंतर प्रत्येक आंघोळीनंतर, प्रत्येक भांड्यानंतर ती ओल्या हाताला ट्यूब लावायची. कपड्याचा साबण मी मोरीवरून उचलून पिशवीत घातला आणि पुण्याला घेऊन आले.

महिना संपता संपता आम्ही बँकेत गेलो. भावाने फॉर्म खिशात ठेवलाच होता. त्या सकाळी काही लावू नकोस असं मी बजावलं होतं. तिने नेहमीपेक्षा जास्त लावलं होतं. अंगठा ठेवला. लाल.

"आजी, काच तेलकट झाली."

"पुसा की मग."

साहेबांनी काच पुसली. आईने अंगठा पदराला घासला आणि ठेवला. यंत्र जरा वेळ विचार करत बसलं. मग हिरवा दिवा लागला.

"झालं. तुम्ही हयात आहात."

"मला म्हाईत हुतं," आई म्हणाली. "आता सही कुटं करू?"

"सहीची गरज नाही आजी."

"तुमाला नसंल."

तिने काउंटरवर दोरीला बांधलेलं पेन ओढून घेतलं, भावाच्या खिशातला फॉर्म मागितला, तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर आपलं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. मग तो कागद साहेबांसमोर ठेवून आम्ही बाहेर पडलो.