अंगाला न लागणारं घराणं

चेन्नईत पस्तीस वर्षं काढून तांदळाशी उभा दावा मांडलेला माणूस मी एकच पाहिला, आमचे थोरले साडू. इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरी केली, अंबत्तूरला घर बांधलं, तमिळ तर असं बोलायला लागले की भाजीवाल्या वचकून असत. पण गहू यायचा तो नाशिकहून, गोणीनं, आणि पोळीशिवायच्या जेवणाला ते फराळ म्हणत. एकदा भर दुपारी आम्ही हॉटेलात गेलो. वेटर म्हणाला, "चपाती ईव्हनिंग दान, सार." म्हणजे संध्याकाळीच मिळते. साडूंनी घड्याळ पाहिलं, कॉफी मागवली आणि मला साडेचारपर्यंत तिथं बसवून ठेवलं.

इतकं खाऊन अंगावर मांस म्हणून नाही. पोट बारा महिने बिघडलेलं, त्याचं खापर सांबारातल्या चिंचेवर. "आमच्या घराण्यात खाल्लेलं अंगाला लागत नाही," हे ते वतन मिळाल्याच्या थाटात सांगत. फक्त धाकट्या बहिणीचा विषय निघाला की हे वाक्य विसरत. ती लग्नानंतर चार वर्षांत झिजून गेली. सासरच्यांनी उपाशी मारली, असं यांनी तेराव्याला भर पंगतीत तिच्या नवऱ्याला सुनावलं आणि त्या घराचं पाणीही वर्ज्य केलं.

गेल्या वर्षी यांची मुलगी ऑफिसात चक्कर येऊन पडली. नुंगंबाक्कमच्या डॉक्टरांनी सिलिॲक सांगितलं, म्हणजे आतड्याला गहू न सोसण्याचा आजार. गहू बंद, कायमचा. ही प्रवृत्ती जनुकांतून येते, ती असली की आजार होतोच असं नाही, पण आईवडिलांनी तपासून घ्यावं, असंही म्हणाले. साडू भडकले. "गव्हानं कुणी आजारी पडतं का? उद्या म्हणाल, आईच्या दुधानं!" मुलीसाठी तांदळाची भाकरी मात्र स्वतः थापायला लागले. दोन महिने झाले तरी पोरगी सुधारेना. शेवटी तिनंच त्यांना परातीपाशी पकडलं.

"बाबा, यात कणीक घालता तुम्ही?"

"चिमूटभर गं. नाहीतर तुटते."

मला इतका संताप आला की वर्षानुवर्षांचं साठलेलं सगळं बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते एकटेच जाऊन तपासणी करून आले. त्यांनाही तेच निघालं.

अहवालाची घडी खिशात घातली. एवढंच म्हणाले, "शेवटच्या दिवसांत बहिणीला मी माहेरी आणली होती. शक्ती यावी म्हणून रोज कणकेचा शिरा भरवायचो. नको नको म्हणायची."

तिला हेच होतं, असं आता कोण छातीठोकपणे सांगणार? मी तसं म्हटलंही. त्यांना ते पटलं नाही.

आता ते दोन्ही वेळा मुकाट्याने भात जेवतात. अंगावर मूठभर मांस चढलंय, आणि त्याचीच त्यांना लाज वाटते. गेल्या रविवारी मला शेजारी बसवून त्यांनी बहिणीच्या नवऱ्याला फोन लावला, चाळीस वर्षांनी. सगळं सांगितलं, माफी मागितली.  पलीकडून थकलेला आवाज आला, "त्या पंगतीनंतर मला पुन्हा कुणी मुलगी दिली नाही, दादा."

फोन बंद झाला तरी साडूंनी तो कानावरून काढला नाही. मी नुसता जवळ बसून राहिलो.