टाकीवरचं यंत्र घेऊन पुण्याला

"विकता येत नाही ना? मग शिकून येऊ," मनीषा म्हणाली आणि आमचं पुण्याला जायचं ठरलं. मनीषा माझी नणंद, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. पाण्याची टाकी भरत आली की मोबाइलवर कळवणारं एक छोटं यंत्र तिने बनवलंय. सांगलीत नातेवाइकांनी ते कौतुकाने लावून घेतलं, पण अनोळखी गिऱ्हाईक एकही नाही. तिने नोकरी सोडलेली, मी सोडायच्या बेतात. अशात कोथरूडला नवउद्योजकांसाठी आठवडाभराचं प्रशिक्षण आहे असं कळलं आणि दोघींनी नाव नोंदवलं.

सकाळच्या एसटीने निघालो. खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत मजेत, पुढे वाहनांची रांग. मुक्काम विश्रांतवाडीला मैत्रिणीकडे. तुम्हीही तिकडे राहणार असाल तर कोथरूडला बसने जाऊ नका. येरवड्यापर्यंत रिक्षा करा, पुढे मेट्रो. आम्ही पहिल्या दिवशी बसने गेलो आणि वर्ग सुरू झाल्यावर पोहोचलो.

शिकवायला कांबळे मॅडम होत्या. त्यांनी स्वतः दोन सॉफ्टवेअर कंपन्या काढल्या, त्यातली एक बंद पडली. "बंद पडलेलीबद्दलच जास्त बोलणार आहे," असं त्यांनी आल्याआल्या सांगून टाकलं. मला बाई तिथेच आवडल्या.

पहिलं काम मिळालं ते असं: "यंत्र पिशवीतच राहू दे. सोसायट्यांमध्ये जा आणि पाण्याचा त्रास काय, एवढंच विचारा. विकायचं नाही."

दोन सोसायट्यांनी फाटकावरूनच परत पाठवलं. तिसरीत सेक्रेटरी रणदिवे भेटले, निवृत्त प्राध्यापक.

"विकायला आलात की विचारायला?"

"विचारायला."

"मग बसा. विकणाऱ्यांना आम्ही उभंच ठेवतो."

टाकी भरून वाहते का, असं मी विचारलं. "त्याला आमचा वॉचमन आहे. टँकरचं बोला. दहा हजार लिटर म्हणून येतो, खरंच किती ओततो ते देवाला ठाऊक. दर मीटिंगला त्यावरून भांडणं."

बाहेर आल्यावर मनीषा म्हणाली, "वहिनी, म्हणजे दोन वर्षं मी कुणालाच नको असलेली गोष्ट बनवत होते?"

जवळच्या हॉटेलात साबुदाणा वडा मागवला. तिने तो न खाता मोबाइलवर आकडेमोड सुरू केली. टाकीची लांबी-रुंदी माहीत असेल, पाणी उपसणारा पंप बंद असेल, तर पाणी किती वर चढलं त्यावरून किती लिटर आलं ते सांगता येतं. यंत्र तेच, प्रश्न दुसरा. मग मात्र तिने माझ्याही ताटलीतला वडा उचलला.

अडचण एकच होती. टँकर पाणी ओततो जमिनीखालच्या टाकीत आणि तिथल्या दमटपणात आमचा सेन्सर टिकला नसता. दुसऱ्या दिवशी दुपारी बुधवार पेठेतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठला. तिकडे गाडी नेऊ नका, मंडईला उतरून चालत जा. दुकानदाराने पाणी सोसणारा सेन्सर काढून दिला आणि मनीषाने चौथ्यांदा शंका विचारल्यावर म्हणाला, "ताई, घरी नेऊन आंघोळ घाला त्याला." वाटेत दगडूशेठला हात जोडले.

रणदिव्यांना विचारून त्यांच्या टाकीत यंत्र लावून पाहिलं आणि शुक्रवारी सोसायटीत टँकर आला. ते स्वतः चष्मा पुसत उभे. पंप बंद करून पाइप सोडला, मोबाइलवर आकडा चढत गेला आणि नऊ हजारांच्या जरा आधी थांबला. टँकरवाला म्हणाला, "मशीन नवीन हाय, चुकत असंल." रणदिव्यांनी पट्टी घालून स्वतः मोजलं. फारसा फरक नव्हता.

"हं," ते म्हणाले. "दोन्ही टाक्यांना बसवा. बिल सोसायटीच्या नावे करा. आणि भोकं सरळ पाडा."

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी आपापला धंदा मांडला. आमच्याकडे सांगायला एकच गिऱ्हाईक होतं. कांबळे मॅडम म्हणाल्या, "एक पुरे. पण ते टिकवा."

सांगलीला परतून मी राजीनामा दिला. अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलायला आता पूर्वीसारखी भीती वाटत नाही. आधी ऐकायचं असतं, हे तिथे अंगवळणी पडलं. आणि मग एका रविवारी रणदिव्यांचा फोन आला, "अहो, तुमचं यंत्र सकाळपासून मुकं झालंय. इकडे टँकर उभा आहे, लोक माझ्याकडे बघतायत."

मी घाईघाईने मनीषाला सांगितलं. ती मात्र हसत होती.

"हसतेस काय?"

"वहिनी, त्यांचं त्याच्यावाचून अडलंय," ती म्हणाली आणि बॅगेत स्क्रूड्रायव्हर टाकून स्टँडकडे निघालीसुद्धा.