चार बरण्या घेऊन मेलबर्नला

कँबेऱ्यातल्या आमच्या गुंगालिनला जूनमध्ये, इथल्या हिवाळ्यात, गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरतो. त्या शुक्रवारी पहाटे नितीन, माझा नवरा, कोमट पाणी ओतून तो काढत होता आणि मी पुढच्या सीटवर मांडीत चार छोट्या बरण्या घेऊन बसले होते. मागे दोन बॅगा आणि एक रिकामी एस्की (बर्फ घालून न्यायची पेटी). ती कशासाठी, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. सतरा वर्षांच्या संसारात एवढं कळतं.

खरं तर आम्हाला जायचं होतं रोमला. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाची तिकिटं काढली, तेवढ्यात जग बंद झालं आणि ऑस्ट्रेलियाने तर दाराला आतून कडी लावली. आता दारं उघडली होती, पण रोमइतकी रजा दोघांकडेही नव्हती. मेलबर्न म्हणजे इथला युरोप, असं सगळे म्हणतात. ट्राम, चिंचोळे बोळ, इटालियन कॉफी, ग्रीक मिठाई. म्हटलं, दुधाची तहान ताकावर भागवू. पंधरा वर्षांची लेक दारात ब्लँकेट गुंडाळून उभी होती. ती दोन दिवस मैत्रिणीकडे राहणार होती. माझ्या सूचना संपेनात, तेव्हा म्हणाली, "आई, जस्ट गो."

बरण्यांचं सांगायला हवं. जानेवारीत आम्हा तिघांना कोविड झाला. ताप दोन दिवसांत उतरला, पण माझा वास गेला तो गेलाच. पाच महिने झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं, रोज दोनदा चार उग्र वास घे, नाकाला पुन्हा शिकव. म्हणून लवंग, लिंबाची साल, निलगिरी आणि माझ्या मनाने हिंग. मी डोळे मिटायचे, नितीनने बरणी नाकाखाली धरायची आणि मी ओळखायचं. पाच महिने मी नुसत्या थापा मारत होते.

तुम्ही म्हणाल, नाकासाठी एवढं काय? मी गोडा मसाला करते. नोकरी सरकारी कचेरीत, पण गुंगालिनमधली वीसेक मराठी घरं मला ओळखतात ती मसाल्यामुळे. तो आईने शिकवला, आणि आईच्या शिकवण्यात माप नाही. "दगडफूल वास सोडायला लागलं की उतरव," एवढंच. फेब्रुवारीत मी अंदाजाने मसाला भाजला आणि घरोघरी दिला. सगळे चांगला झालाय म्हणाले. फक्त काळेकाकूंनी फोन केला, "अगं, कडू लागतोय. बरी आहेस ना?" मी सगळ्या पुड्या परत आणल्या आणि कढई कपाटात पालथी घातली. पुण्याला आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. दर रविवारी ती विचारायची, मसाला झाला का, आणि मी म्हणायचे, करतेय. वास कायमचा गेला असेल तर तिला काय सांगायचं, या विचाराने मला झोप लागत नसे.

वाटेत होलब्रूक लागतं. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि गावाच्या मधोमध हिरवळीवर एक अख्खी पाणबुडी. का, तर गावाला हौस. मला हे गाव फार आवडलं. बेकरीतल्या बाईने विचारलं, "मेलबर्नला फुटीला (इथल्या फुटबॉलला) चाललात का?"

"नाही, हिचं नाक शोधायला," नितीन म्हणाला.

बाईने माझ्याकडे नीट पाहिलं. "माझ्या बहिणीचं दहा महिन्यांनी आलं, लव्ह," ती म्हणाली आणि आणखी एक बन पिशवीत टाकला. पुढे मरी नदी, म्हणजे राज्याची हद्द, ओलांडली. मागच्या वर्षी या पुलापाशी पोलीस परवाने तपासत होते. आता नुसती व्हिक्टोरियात स्वागत करणारी पाटी होती आणि आम्ही गाडी न थांबवता गेलो. एवढ्यानेच मला काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं.

आर्व्होला (दुपार कलल्यावर) शहरात शिरलो आणि नितीनने पहिलाच घोळ घातला. इथे काही चौकांत उजवीकडे वळायला डाव्या कडेला जाऊन थांबावं लागतं. हा रीतसर उजवीकडे घुसला आणि ट्रामच्या तोंडाशी उभा राहिला. ड्रायव्हरने घंटा वाजवून वाजवून आमचं स्वागत केलं.

"कँबेऱ्याची नंबरप्लेट आहे, माफ करतील," नितीन म्हणाला. ट्राम मात्र काही केल्या माफ करत नव्हती.

शनिवारी पायाचे तुकडे पडेपर्यंत भटकलो. ट्राममध्ये सगळे अजून मास्क लावून होते, पण रस्त्यावर माणसं माणसांना चिकटून चालत होती, मोठ्याने हसत होती. दोनशेहून जास्त दिवस घरात कोंडलेलं शहर ते. जणू प्रत्येकजण थकबाकी वसूल करत होता. बोळांत भिंतभर रंगवलेली चित्रं, स्टुलावर बसलेले म्हातारे, कोपऱ्यावर अकॉर्डियन वाजवणारी एक मुलगी. लायगन स्ट्रीटवर एका पांढऱ्या मिशांच्या इटालियन आजोबांनी कॉफी आणून ठेवली आणि मी पिईपर्यंत उभे राहिले. "कशी आहे?" मी म्हटलं, उत्तम. खरं तर मला ती गरम आहे आणि कडू आहे, एवढंच कळलं. रात्रीचा पास्ता तर उकडलेल्या सुतळीसारखा लागला. समोर नितीन मिटक्या मारत होता. मला त्याचा राग आला आणि मग रडू आलं.

"उद्या निघू," मी म्हटलं. "असला युरोप मला नको."

"निघू," तो म्हणाला. "फक्त सकाळी मार्केटला जाऊ. पाच मिनिटं."

तेव्हा एस्कीचा उलगडा झाला. नितीन मालवणचा. माझ्या माहेरी मासे कधी शिजले नाहीत, आणि लग्नानंतर मी अट घातली होती की मासळी गॅरेजमध्ये, छोट्या शेगडीवर. सतरा वर्षं तो हिवाळ्यात जॅकेट घालून गॅरेजमध्ये बांगडे तळतो आणि मी नाक मुरडत दार लावून घेते. त्याने कधी कुरकूर केली नाही. मासळीबाजाराच्या दारातसुद्धा मी कधी उभी राहिले नव्हते.

रविवारी मार्केटच्या मासळी हॉलबाहेर तो सवयीने म्हणाला, "तू इथेच थांब."

"येते की. आता मला काय त्रास?" मी म्हटलं.

त्याचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली. एवढी साधी गोष्ट सतरा वर्षं राहिली होती. तो मला एकेक मासा दाखवत सुटला. हा स्नॅपर, ही कोलंबी, हा बघ बांगडा, डोळा कसा चकचकीत, कल्ला लालभडक, म्हणजे ताजा. मी मास्क खाली ओढला, आता पुरे म्हणायला.

आणि माझ्या नाकात काहीतरी घुसलं. ओलं, खारट, लोखंडासारखं, घाणेरडं. मी दचकून मागे सरले.

"शी, काय घाण वास आहे," मी म्हणाले.

मग नितीनने बांगडा माझ्या नाकासमोर धरला. "परत सांग."

"घाण," मी म्हटलं. मी रडत होते आणि वाकून त्या बर्फावरच्या माशांचा पुन्हा पुन्हा वास घेत होते. काउंटरमागचा ग्रीक काका घाबरला. मासळी शिळी आहे, अशी माझी तक्रार असावी असं त्याला वाटलं. नितीनने सगळं सांगितलं, तेव्हा त्याने एप्रनला हात पुसले.

"चाळीस वर्षं लोक इथून नाक दाबून जातात," तो म्हणाला. "वासाबद्दल थँक यू म्हणणारी तू पहिली." सहा बांगडे घेतले होते, त्याने सातवा वर टाकला.

परतीचे सात तास मी बरण्या उघडत होते. लवंग नाही, लिंबू नाही. होलब्रूकच्या पुढे हिंग आला, पुसट, भिंतीपलीकडून यावा तसा. मी ओरडलेच, नितीनने गाडी कडेला घेतली.

घरी पोचलो तेव्हा नुकतं अंधारलं होतं. नितीन एस्की उचलून गॅरेजकडे निघाला.

"तिकडे कुठे? किचनमध्ये ये," मी म्हटलं.

थंडीने गोठलेलं खोबरेल तेल त्याने चमच्याने खरवडून तव्यात टाकलं, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ लावलेले बांगडे तांदळाच्या पिठात घोळवले. मी ओट्यापाशी उभी राहिले आणि बरण्यांच्या वेळेसारखे डोळे मिटले. आधी तेल आलं, मग पीठ, मग त्याखालून आंबट काहीतरी. घर त्या वासाने भरत चाललं होतं आणि मी खिडकी उघडली नाही. युरोप अजून राहिलाच आहे, पण मला आता घाई नाही. रविवारच होता, थोड्या वेळाने आईला फोन करायचा होता, आणि या वेळी तिला खरं सांगता येणार होतं.

पिठाचा वास कच्चेपणा सोडून खमंग झाला, तो क्षण मला डोळे मिटूनच कळला.

"आता उलट," मी म्हणाले.

नितीनने बांगडा उलटला. बाजू सोन्यासारखी झाली होती.