काकूंची दुपारची झोप

"आउट झालास. दे आता त्याला."

काकू हे डोळे मिटून बोलायच्या. दिवाणावर भिंतीकडे तोंड करून, पदर डोक्यावरून ओढून झोपलेल्या असायच्या आणि आम्ही पोरं खाली जमिनीवर टीव्हीसमोर. ज्याचा गेममधला गडी खड्ड्यात पडला असेल तो मुकाट्याने रिमोट पुढच्याच्या हातात द्यायचा. काकूंनी स्क्रीनकडे कधी वळूनही पाहिलं नाही. गडी पडला की जो सूर वाजायचा, तो त्यांना पुरे होता.

डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कॅसेट घालायचा टीव्ही गेम फक्त त्यांच्याकडे होता. त्यांचा मुलगा नितीन माझ्या वर्गात, त्यामुळे माझा वशिला पक्का. मे महिन्यात दुपारची जेवणं उरकली की सगळी पलटण त्यांच्याकडे. दुसरी कुठली आई असती तर तिने आम्हाला कधीच हाकलून दिलं असतं. काकूंना मात्र त्या पिपाणीतच झोप लागायची. फक्त 'मेलो' हा शब्द त्यांच्या घरात काढायचा नाही.

"मेलो काय रे? वास्तू तथास्तु म्हणत असते. आउट म्हणा."

एकदा त्यांची झोपमोड नको म्हणून आम्ही शहाण्यासारखा आवाज बंद केला. काकू ताडकन उठून बसल्या. "काय झालं? भांडलात का?" पोरं गप्प बसली म्हणजे काहीतरी उद्योग चालू आहे, हे तुमच्या आईलाही ठाऊक असेलच.

पुढे नितीन परदेशात गेला, काका वारले, बिल्डिंग पाडायला निघाली आणि काकू टिटवाळ्याच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आल्या. मी कल्याणला, म्हणून अधूनमधून रविवारी चक्कर मारायचो. घर छान होतं. हवा, उजेड, लिफ्ट, सगळं होतं, पण शेजारच्यांची दारं कायम बंद.

"दुपारी डोळ्याला डोळा लागत नाही रे," एकदा त्या म्हणाल्या. "घर नुसतं खायला उठतं."

डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, तळपायाला तेल चोळून झालं. नितीन फोनवर विचारायचा, "झोपलीस का गं?" आणि त्या नाही म्हणायच्या. दिवसेंदिवस त्या सुकत चालल्या होत्या. मला ते बघवेना.

आता ते जुने गेम फुकटच्या सॉफ्टवेअरवर चालतात. इम्युलेटर म्हणतात त्याला. ते संगणकाला जुन्या खोक्याचं सोंग घ्यायला लावतं. पुढच्या रविवारी मी लॅपटॉपवर आमचा तोच गेम घालून नेला आणि मोठ्या ऐटीत चालू केला.

काकूंच्या कपाळाला आठ्या. "हा आपला नाही."

"आपलाच आहे काकू. उलट हा अस्सल."

"असेल. पण ह्याला कसली तरी घाई झालीय. आपला निवांत होता."

मी हुज्जत घातली. चाळिशी उलटली तरी गेमच्या बाबतीत माघार घेणं मला जमत नाही. घरी येऊन शोधलं, तर काकूंचंच खरं. हा गेम मूळचा परदेशातल्या टीव्हींसाठी केलेला, आणि आपल्याकडच्या टीव्हीवर तो थोडा सावकाश चालायचा. आमचं अख्खं बालपण सावकाश खेळण्यात गेलं आणि आम्हाला पत्ताच नव्हता! इम्युलेटर करणारी माणसंही भारी. त्यांनी तो वेग निवडायचीही सोय ठेवलेली.

पुन्हा गेलो. वेग बदलला, सूर सुरू झाला.

"हां," काकू म्हणाल्या. पाय वर घेतले, भिंतीकडे वळल्या, पदर ओढला. माझा गडी पहिल्या बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत त्यांचा श्वास संथ झाला होता. मला रडू आलं. रडताना उडी नीट जमत नाही, तरी मी खेळत राहिलो.

लॅपटॉप त्यांच्याकडेच ठेवून पाहिला, पण उपयोग नव्हता. नुसता चालू ठेवला की गडी जागच्या जागी उभा राहतो, वेळ संपतो आणि सगळं बंद पडतं. खेळायला माणूस लागतो. मग मी दर रविवारी जायला लागलो. बायको म्हणायची, "टिटवाळ्याला गणपतीला जातोस की गेम खेळायला?" मी म्हणायचो, दोन्ही.

ह्या हिवाळ्यात काकू गेल्या. नितीन आला. तेरावा उरकून पाहुणे पांगले, आणि त्या घरात आम्ही दोघेच उरलो. तो दिवाणाच्या कडेला बसला होता.

"रविवारी फोनवर तिचा आवाजच वेगळा असायचा," तो म्हणाला. "म्हणायची, आज पोरं आलेली, मस्त झोप लागली. मी म्हटलं, बरं झालं, बिल्डिंगमधल्या पोरांनी लळा लावला. कुठल्या मजल्यावरची रे ती? त्यांना भेटून जाईन म्हणतो."

"पोरं नव्हती रे," मी म्हणालो. "मी एकटाच यायचो."